गोल्फचे मैदान आणि कास्तकाराचे वावर

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. नाव मात्र आता खेड्यापर्यंत पोचले आहे. वर्तमानपत्रात ते येते, शहराबाहेरच्या नव्या वसाहतींच्या जाहिरातीत तर हमखास येते. खेळ तसा साधा आहे. लांब काठीने एक लहानसा कडक चेंडू टोलवायचा, तो पडेल तेथवर चालत जायचे, पुन्हा टोलवायचा, आणि असे करीत करीत शेवटी तो जमिनीतल्या एका खळगीत घालवायचा. गोट्या खेळताना आपली मुले अंगणात खळगी करतात, तशीच ही. पुऱ्या मैदानात अशा अठरा खळग्या असतात. सगळ्यांत कमी टोल्यांत जो अठराही पुऱ्या करील, तो जिंकला. विटीदांडू खेळलेल्या माणसाला यात न समजण्यासारखे काही नाही.

मग इतिहास शिकवणाऱ्या माणसाने या खेळाविषयी काय बोलावे? बोलावयाचे ते खेळाविषयी नाहीच. खेळाला लागणाऱ्या जमिनीविषयी बोलावयाचे आहे. अठरा खळग्यांच्या मैदानाला साधारणपणे सव्वाशे ते दोनशे एकर जागा लागते. दीडशे एकर धरा. पाच-पाच एकरांच्या तीस खातेदारांची वावरे एकत्र केली, मधले धुरे मोडले, तेव्हा कोठे एक मैदान होते. त्यामुळे एखादा क्लब शहरातली जुनी जागा सोडून बाहेर निघाला आणि नवे मैदान करू लागला, की तो कोणाच्या तरी वावरात येऊन उभा राहतो. हे कसे घडत आले, आणि त्यात कोणाचे टिकले व कोणाचे गेले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

या खेळाचे माहेर स्कॉटलंड. तेथे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा एक पट्टा लागतो. त्याला तेथले लोक ‘लिंक्स’ म्हणतात. त्या जागेत नांगर चालत नाही. खुरटे गवत उगवते, ते मेंढरांनी खायचे. आपल्याकडे गावाला आखर असते, गायरान असते, तसलाच हा प्रकार. या पडीक जागेत मेंढपाळ, कोळी, कारागीर, सरदार असे सगळेच चेंडू टोलवीत. इ. स. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने पार्लमेंटकडून हा खेळ बंद करण्याचा हुकूमच काढविला. कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून गोल्फ खेळू लागले होते आणि राजाला तर लढाईसाठी तिरंदाज हवे होते. म्हणजे त्या काळी हा श्रीमंतांचा खेळ नव्हता, गावचा खेळ होता.

तेथील सेंट अँड्र्यूज हे गाव आज गोल्फची पंढरी समजले जाते. त्या गावाच्या इतिहासातील एक कागद आपण लक्षात ठेवावा. १५५२ साली तेथल्या आर्चबिशपने एक सनद दिली. गावापासच्या लिंक्सवर गावकऱ्यांना काय काय करता येईल, ते तीत लिहिले आहे. जनावरे चारण्याचा हक्क त्यांचा, आणि गोल्फ खेळण्याचाही त्यांचाच. पुढे १७९७ मध्ये नगरपालिका पैशाच्या अडचणीत आली आणि तिने ती जागा सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती दिली. सशांनी मैदानभर बिळे केली. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात मारामाऱ्या झाल्या, कज्जे चालले. शेवटी १८२१ साली जवळच्या एका जमीनदाराने ती जागा घेऊन खेळ वाचविला, आणि १८९४ मध्ये खास कायदा होऊन ती पुन्हा गावाच्या मालकीची झाली. आजही तेथले सर्वांत जुने मैदान रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावची बायामाणसे, मुले, कुत्री तेथे खुशाल फिरतात.

या हकिकतीतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की गोल्फ जन्मला तो पिकाच्या जमिनीवर नव्हे, नापीक माळावर. कोणाचे वावर मोडून तो उभा राहिला नाही. दुसरी अशी, की तेथे गावाचा हक्क टिकला तो नुसत्या चालीरीतीवर नाही. तो लिहून ठेवलेला होता. साडेचारशे वर्षांपूर्वीचा तो कागद नसता, तर गावकऱ्यांना ससेवाल्यांपुढे बोट कशाकडे दाखविता आले असते?

आता आपल्या देशात येऊ. कंपनी सरकारच्या नोकरीत आणि फौजेत स्कॉटलंडची माणसे पुष्कळ होती. त्यांनी येताना आपला खेळही आणला. कलकत्त्याला १८२९ मध्ये क्लब निघाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेर त्याच्याइतका जुना क्लब दुसरा नाही. मुंबईस १८४२ साली निघाला. आरंभी हे लोक सरकारी मोकळ्या मैदानांवर खेळत. कलकत्त्याचा क्लब दमदमला सुरू झाला, मग किल्ल्यापुढच्या मैदानावर आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या दक्षिणेला टॉलीगंजला गेला. तेथली जमीन सखल, भाताची. तळी खोदून त्या मातीचे उंचवटे केले, तेव्हा मैदान झाले. १९११ मध्ये बादशहाने त्या क्लबाला ‘रॉयल’ ही पदवी दिली. मुंबईचा खेळही असाच किल्ल्याजवळच्या मैदानातून बाहेर सरकला. चेंबूर तेव्हा साष्टीतले एक गाव होते. कुर्ल्याहून तेथवर १९०६ साली रेल्वे टाकली ती शहराचा कचरा वाहण्यासाठी. १९२४ मध्ये तीवर उतारूंच्या गाड्या सुरू झाल्या आणि १९२७ मध्ये तेथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब उभा राहिला. आज तेच चेंबूर भर शहरात आहे.

क्लब असा बाहेर बाहेर का सरकतो, याचे कारण साध्या हिशेबात आहे. शहरात जमीन चौरस फुटाने मोजतात, खेड्यात एकराने. शहर वाढत क्लबाच्या कुंपणाला येऊन भिडले, की आतल्या दीडशे एकरांची किंमत डोळे फिरविणारी होते. रस्त्यासाठी, इमारतींसाठी तिच्यावर सगळ्यांची नजर जाते. तीच दीडशे एकर जागा पंचवीस-तीस मैलांवर ज्वारी-कपाशीच्या भावाने मिळते. मधली तफावत ज्याच्या पदरात पडते, त्याला नवे मैदान जवळजवळ फुकट पडते. ज्या कास्तकाराने ज्वारीच्या भावाने जमीन दिली, त्याला मात्र ती शहराच्या भावाने कधी परत मिळत नाही.

या खेळाला नुसती जागा पुरत नाही, पाणी आणि गवतही लागते. गंमत पहा. उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर जे गवत मुद्दाम लावतात, ते पुष्कळ ठिकाणी आपल्या हरळीच्या जातीचे असते. गणपतीला वाहावयाच्या दूर्वा त्या याच. ज्या हरळीला काढता काढता कास्तकाराची कंबर मोडते, उन्हाळ्यात खोल नांगरट करून जिची काशी तो वेचून काढतो, तिला तेथे पाणी, खत आणि औषध घालून जपतात. ऐन वैशाखात ती हिरवीगार राहिली पाहिजे, कारण खेळणारे तेव्हाही येतात. आणि वैशाखात तर विहिरीचा तळ दिसत असतो! शेजारच्या गावाचे पाणी आणि मैदानाचे पाणी जमिनीखाली एकच असते. तेथे कुंपण घालता येत नाही. पूर्वी कोरड्या मुलखातल्या छावण्यांत साहेबलोकसुद्धा खळगीभोवती गवत न लावता तेल शिंपडलेल्या वाळूवर खेळत, त्या जागेला ‘ब्राउन’ म्हणत. म्हणजे जमिनीला झेपेल तेवढ्यात हा खेळ होऊ शकतो. पण जाहिरातीतली हिरवळ वाळूने साधत नाही.

यावरून जगात पुष्कळ ठिकाणी वाद पेटले. आशियातल्या कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन २९ एप्रिल १९९३ रोजी गोल्फ मैदानांच्या विरोधात एक जागतिक चळवळच सुरू केली. मेक्सिको देशात तेपोस्त्लान नावाचे गाव आहे. १९९५ साली तेथल्या सामाईक जमिनीवर गोल्फ मैदान व घरे बांधण्याचा बेत झाला, तेव्हा गावाने आपल्याच नगराध्यक्षाला हाकलून कचेरी ताब्यात घेतली. १० एप्रिल १९९६ रोजी पोलिसांशी झालेल्या झटापटीत एक गावकरी मारला गेला. त्यानंतर तो बेत सोडून द्यावा लागला. दूर देशातली ही गोष्ट. पण तेथेही जमीन सामाईक होती आणि हक्क जुना होता, एवढे ध्यानात घ्यावे.

आपल्या महाराष्ट्रात सर्वांत मोठा धडा नव्या मुंबईचा आहे. मुंबईची दाटी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे असे ठरले. १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन या कामी धरली गेली. एकंदर क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर. ही आगरी-कोळ्यांची गावे. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी. मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी दि. बा. पाटील यांनी लढा उभारला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज देशभर भूसंपादनाची चर्चा निघाली की त्या योजनेचे नाव निघते.

याच शहरात खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने गोल्फचे मैदान केले आणि ते २०१२ साली खुले झाले. ते क्लबाच्या सभासदांपुरते नाही. फी भरून कोणालाही खेळता येते, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण येथे इतिहासाचा विद्यार्थी थांबतो. १९७० साली गावांना सांगितले होते ते शहराच्या गरजेविषयी, घरांविषयी. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी त्या शहरात गोल्फचे मैदानही आले. जमीन एकदा ‘सार्वजनिक कामासाठी’ म्हणून गेली, की पुढे ती कोणत्या कामी लावावी हे ठरविणारा मूळ कास्तकार नसतो. ज्यांची नावे सातबारावर होती, त्यांना निदान बोलायला जागा होती. जे दुसऱ्याच्या खाचरात राबत, मिठागरात मजुरी करीत, खाडीत जाळे टाकीत, त्यांचा हक्क कोठल्याच उताऱ्यावर लिहिलेला नव्हता. त्यांची भरपाई कशी मोजणार?

याच्या अगदी उलट बाजू तेरेखोलची आहे. तेरेखोल हे गोव्याच्या उत्तर टोकाचे, नदीपलीकडचे चिमुकले गाव. तीन बाजूंना पाणी आणि सिंधुदुर्गाची हद्द. केरीहून फेरीबोटीने जावे लागते. तेथला किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रह्यांनी त्या किल्ल्यावर तिरंगा चढविला, म्हणून गोवामुक्तीच्या इतिहासात त्याचे नाव आहे. या गावाच्या जमिनीवर गोल्फचे मैदान आणि पर्यटकांचे निवास बांधण्याचा बेत एका खाजगी कंपनीने केला. जमीन भाटकाराकडून, म्हणजे आपल्या भाषेत मालगुजाराकडून, तिने विकत घेतली होती. मग गावकऱ्यांचे काय राहिले?

राहिले होते ते कूळ म्हणून. गोव्यात १९६४ साली कुळकायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. पुढे १९९१ च्या एका कायद्याने असे ठरविले, की कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामी लावता येणार नाही. तेरेखोलच्या कुटुंबांनी या कायद्यांच्या आधारे आपला हक्क सांगितला, गोवा फाउंडेशनसारखी संस्था पाठीशी उभी राहिली आणि वाद कोर्टात गेला. मे २०१५ मध्ये काजूच्या बागांत यंत्रे शिरली, तेव्हा गावातली बायामाणसे आडवी उभी राहिली. देशभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. मूठभर घरांचे ते गाव. त्याचे बळ माणसांच्या संख्येत नव्हते. आम्ही येथे कसतो आणि कसणाऱ्याचा हक्क कायद्यात लिहिला आहे, हे ते दाखवू शकत होते.

आता आपल्या घराकडे वळू. खाप्याच्या परिसराला जमिनीचे काम बदलणे नवे नाही. कन्हानच्या काठावरचे हे विणकरांचे गाव. १८६७ साली येथे नगरपालिका झाली. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. या भागातले मँगनीज काढण्यासाठी १८९६ साली एक संस्था निघाली, तिचीच पुढे विलायतेतली कंपनी झाली. १९६२ मध्ये सरकारने त्या कंपनीचा कारभार नव्या भारतीय कंपनीकडे आणला आणि १९७७ मध्ये ती संपूर्ण सरकारी झाली. सावनेर तालुक्यात कोळसाही निघतो. म्हणजे वावर जाऊन खाण येणे, रस्ता येणे, वसाहत येणे हे आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आले आहे. उद्या नागपूर आणखी पसरले आणि कोणी एखादा क्लब कन्हानच्या पाण्याकडे पाहून इकडे आला, तर नवल वाटायचे कारण नाही. आला तर त्याला शत्रू समजण्याचेही कारण नाही. कोणाला आपखुशीने, चांगल्या भावाने जमीन विकायची असेल, तर त्याला अडवणारे आपण कोण? प्रश्न एका खातेदाराच्या जमिनीचा नसतो. तिच्या मधून जाणाऱ्या पांदणीचा, नाल्याचा, गुरांच्या वाटेचा असतो. ती एकट्याची नसते, आणि विक्रीच्या कागदावर तिचे नावही बहुधा नसते.

येथे आपल्या विदर्भाजवळ एक मोठा ठेवा आहे, ज्याकडे आपण पाहतही नाही. मालगुजारीच्या काळात प्रत्येक गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ लिहिला जाई. गावच्या चाली काय, पाणी कोणी कसे घ्यायचे, वाट कोठून जाते, मासे कोणी धरायचे, हे त्यात असे. मालगुजारी १९५१ साली गेली, पण ही पद्धत गेली नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे आणि कलम १६१ मध्ये ‘निस्तार पत्रक’ आहे. गुरे चारणे, सरपण, लाकूड यांसाठी गावच्या मोकळ्या जमिनीचा उपयोग कसा करावयाचा, ते निस्तार पत्रकात असते. गावकऱ्यांचे म्हणणे घेऊन ते करावयाचे असते, आणि ग्रामपंचायतीने मागणी केल्यास चौकशी करून त्यातली नोंद जिल्हाधिकाऱ्यांना बदलता येते. सेंट अँड्र्यूजची १५५२ ची सनद आणि आपले निस्तार पत्रक ही एकाच कुळीची कागदपत्रे आहेत. तेथल्या लोकांनी त्यांची सनद जपली. आपले पत्रक कोठल्या बस्त्यात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

कायदाही पहिल्यासारखा राहिला नाही. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा आला व १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती लागते; सरकार आणि खाजगी भागीदारी असेल तर सत्तर टक्क्यांची. ओलिताची, एकाहून अधिक पिकांची जमीन दुसरा उपाय नसेल तरच घ्यावी, आणि ज्या कामासाठी घेतली ते काम बदलू नये, असेही त्यात आहे. खाजगी हॉटेले त्या कायद्याने सार्वजनिक सोयींतून वगळली आहेत. खेळ आणि पर्यटन यांचे प्रकल्प मात्र सार्वजनिक प्रयोजनाच्या यादीत आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये काही प्रकारच्या प्रकल्पांना यातल्या काही अटींतून सूटही दिली. आणि कंपनीने जमीन सरळ खरेदीखताने घेतली, तर संमतीचा हा नियम बहुधा लागतच नाही. तेव्हा कायदा आहे म्हणून निजून राहावे, असे नाही. सामाईक जमिनीपुरते सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात स्पष्ट सांगितले, की गावच्या सामाईक जागांवरची अतिक्रमणे काढून त्या गावाला परत द्याव्यात. पण जागा सामाईक होती हे दाखवायचे कशावरून? पुन्हा कागदावरूनच.

म्हणून शिक्षकबंधूंना एक विनंती करावीशी वाटते. इतिहासाच्या तासाला मुलांना एकदा तलाठ्याकडे न्या; आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावचा नकाशा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहू द्या. मग तोच नकाशा हाती घेऊन शिवारात फिरा. नकाशातली पांदण जागेवर आहे काय? आखर किती उरले? नाला कोठे वळविला? पुस्तकातल्या लढायांइतकाच हाही इतिहास आहे, आणि यातले पुढचे पान त्या मुलांनाच लिहावयाचे आहे. घरी कास्तकार मंडळींनी आपला सातबारा वर्षातून एकदा तरी वाचावा. बहीण, आई, कसणारा वाटेकरी यांची योग्य नोंद आहे की नाही ते पाहावे. ग्रामसभेत पांदणीचा आणि गायरानाचा विषय आला, तर तो गुराख्याचा विषय म्हणून सोडून उठू नये.

गोल्फच्या मैदानावर प्रत्येक टोला एका चिठ्ठीवर लिहितात. कोणी किती टोले मारले, यावर मग वाद राहत नाही. खेळातल्या टोल्यांचा हिशेब जर इतक्या काळजीने ठेवतात, तर आपल्या पोटाची जमीन, पाणी आणि वाट यांचा हिशेब आपण तोंडीच का ठेवावा? सवड काढून एकदा आपल्या गावचे निस्तार पत्रक मागून पहा.